हत्तीखालून निघालेल्या विजेरीची बखर

श्री. दिवा लावणारास दीर्घ आयुष्य आणि फुंकर मारणारास सुबुद्धी असो. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, वद्य पक्ष, ते समयी नदीचे अलीकडील तीरी जे राज्य, त्याचे नाव लिहू नये ऐसी आज्ञा आहे म्हणोन लिहीत नाही, तेथे जी हकिकत जाहली ती काही डोळ्यांनी पाहिली, काही नावाड्यांचे तोंडून ऐकिली, आणि बाकीची पंगतीस बसून करंज्या खाता खाता जमविली, ती येणेप्रमाणे. संवत्सराचे नाव क्रोधी आणि हकिकत आनंदाची, यांत बखरकाराचा अपराध नाही.

त्या राज्यी महाराज हैबतराव राज्य करीत होते. महाराज शूर, उदार, मनाचे हळवे, आणि दुपारचे जेवणाउपरांत टीव्हीसमोर बसले म्हणजे खुद्द प्रधानासही भेट मिळू नये ऐसे. वीज त्या राज्यी दुपारी येई आणि दिवेलागणीस जाई, तेणेकरून राज्याचा कारभार सकाळी आणि टीव्ही दुपारी ऐसी वाटणी आपोआप जाहली होती. महाराजांस कन्या एकच, मंजुळाबाई, तीस सर्व ताईसाहेब म्हणत. तिचे लग्न पैलतीरीचे युवराज जोत्याजीराव यांशी ठरले. ठरविले मोठ्यांनी, परंतु त्याआधी यात्रेत दोघे एका पाळण्यात बसली आणि पाळणा वर गेला तो वरच अडकला, आणि खाली येईपर्यंत दोघांचे सर्व काही बोलून जाहले होते. हे दरबारास ठाऊक, मुदपाकखान्यास ठाऊक, हत्तीचे माहुतासही ठाऊक. एक महाराजांस ठाऊक नव्हते.

त्या दोन राज्यांचा रिवाज ऐसा की, लग्नाचे सांजेस वधूचे पित्याने नदीकडील बुरुजावर चढून उजेड दाखवावा, यास उजेडाचे आवतण म्हणत. पैलतीराने तो पाहून आपला उजेड दाखवावा, आणि मग वरात नावांत बसून अलीकडे यावी. शुक्राची चांदणी मावळेपर्यंत उजेड न दिसला तर मुलगी दिली नाही ऐसे समजावे, आणि त्या दोघांचे लग्न पुन्हा कधी बोलू नये. गडावर फोन होता, परंतु फोनवरचे बोलणे लग्नाचे कामी धरीत नसत. आणि मोबाईलास त्या खोऱ्यात रेंज नाही म्हणोन तो कोणी बाळगीत नसे. उजेड मशालीचा असे. आता मशालीचे दुःख महाराजांचे काळजात होते, ते लिहिणे अवश्य. महाराजांची थोरली बहीण आक्कासाहेब, जिभेची तिखट आणि सोंगट्यांत सर्वांस हरविणारी, तिचे लग्नाचे सांजेस वडील आजारी म्हणोन हैबतराव स्वतः मशाल घेऊन बुरुजावर उभे होते. वय लहान, आणि अकस्मात वळवाची सर आली, मशाल विझली ती पेटेना, आणि तो चांदणी मावळली. पैलतीराहून कोणी आले नाही. आक्कासाहेब पुढे लग्न न करता माहेरीच राहिल्या. त्यांनी भावास एका शब्दाने दोष दिला नाही, तेणेकरून महाराजांस अधिकच लागून राहिले. आणि आपले मुलीचा उजेड मात्र पावसाने काय, प्रळयानेही विझता कामा नये, ऐसा त्यांनी मनाशी निश्चय करून ठेविला होता.

ऐसे असता एके दुपारी महाराज लोडास टेकून सिनेमा पाहत होते, तो सिनेमा मध्येच थांबला आणि एक गृहस्थ प्रगट जाहला. त्याचे ओठ एक हलत आणि शब्द दुसरे निघत. त्याजपाशी एक बाई अंधाऱ्या जिन्यावर पडावयाचे बेतात उभी होती. तिने आपली जुनी बॅटरी दोन वेळ हलविली, ती लागेना, मग कपाळास हात लावून ती कॅमेऱ्याकडे ऐसी पाहू लागली की महाराजांचे डोळ्यांत पाणी आले. मग गृहस्थाने गरुडनेत्र नामक काळी विजेरी काढिली आणि तिजवर ट्रक घातला, ती लागली. उकळत्या पाण्यात टाकिली, लागली. बर्फात गाडिली, लागली. गच्चीवरून फेकिली, खाली पडून लागली. बाई म्हणाली, "माझा तर विश्वासच बसत नाही!" महाराज म्हणाले, "आमचा बसला." किंमत हजारास एक कमी, आणि आत्ता फोन करणारास एकावर एक फुकट, ऐसे ऐकताच महाराजांनी हुजऱ्याची वाट न पाहता खुद्द हातांनी फोन फिरविला. पलीकडील मुलीने पुसले, "सर, पिन कोड?" महाराजांस सर म्हणोन कोणी पुकारण्याचा तो पहिलाच प्रसंग, परंतु खाशी स्वारी आनंदात होती, म्हणोन तीस क्षमा जाहली.

आठवडा न लोटला तो कुरियरवाला धापा टाकीत गड चढून आला आणि खोक्यातून दोन विजेऱ्या निघाल्या. महाराजांनी एक हाती घेतली आणि फुकटची जी दुसरी, ती भरजरी वस्त्रात गुंडाळून पैलतीरीचे राजास नजर पाठविली, सोबत निरोप ऐसा की, यंदा आवतण मशालीचे नव्हे, विजेरीचे. पांढरा उजेड दिसेल तोच आवतण मानावा, पिवळा दिसल्यास तो मंडपाचे समयांचा अगर चुलीचा समजून सोडून द्यावा. आणि आपणही उत्तर याच विजेरीने द्यावे. पैलतीरीचे राजे फार संतोष पावले. ती फुकटात आलेली होती हे त्यांस आजतागायत कळले नाही.

मग दरबार भरून विजेरीची परीक्षा जाहली. टीव्हीवर जे जे दाखविले ते ते सर्व करून पाहावे, त्यात काडीचेही उणे राहू नये, ऐसा हुकूम. गडावर ट्रक चढेना म्हणोन हत्ती आणिला. हत्तीने प्रथम विजेरी सोंडेने उचलून तोंडात घातली. माहुताने त्यास केळी दाखवून ती बाहेर काढविली, आणि मग त्याने जो पाय दिला तो विजेरी जमिनीत रुतली. उकरून काढिली, बटन दाबिले, तो लागली! दरबाराने जयजयकार केला, नगारा वाजला, साखर वाटिली. मग मुदपाकखान्यात नेऊन वरणाचे हंड्यात लागलेली तैसीच सोडिली आणि वरण शिजेपर्यंत शिजविली. वाढप्याने पळीने वर काढिली तो लागलेलीच. पुन्हा साखर. मग गोळेवाल्याची गाडी गडावर बोलावून बर्फात गाडिली आणि दरबार गोळे खात उभा राहिला, तेथेही लागली. मग बुरुजावरून खाली फेकिली, ती शेणखतात पडली, धुऊन आणिली, लागली. जो येई तो विजेरी डोळ्यांशी धरून आत पाही आणि "डोळे दिपले!" म्हणे. पाहुणे येत, त्यांसही दाखवीत. मुत्सद्दी आपापले बायकांस घेऊन येत. हत्तीचाही पाय पुनःपुन्हा होई, त्यास केळी मिळत म्हणोन तोही खुशीत होता. हा सर्व प्रकार लख्ख दुपारी चाले. दिनकरपंत प्रधान सावध माणूस, त्यांनी एकवार हात जोडून अर्ज केला, "महाराज, एकदा अंधारात लावून उजेड कुठवर जातो तेही पाहावं काय?" महाराज म्हणाले, "पंत, टीव्हीवर अंधारच होता. तुम्ही पाहिलं नाही?" पंत म्हणाले, "पाहिलं." महाराज म्हणाले, "मग?" पंत म्हणाले, "मग काही नाही." आणि मागे सरून तेही गोळा खाऊ लागले. मशालीचे तेल आता नको म्हणोन महाराजांनी ते सर्व मुदपाकखान्यास बक्षीस दिले. आचाऱ्यांनी त्यात करंज्या आणि चकल्या तळिल्या, त्या उत्तम उतरल्या, हे बखरकार जातीने लिहितो.

लग्नाचा दिवस आला. गडावर तोरणे, सनया, अत्तर. घाटावर फुलांची कमान. आणि पाण्याजवळ पायरीवर ताईसाहेब शालू नेसून, मुंडावळ्या बांधून बसल्या, त्यांचे शेजारी आक्कासाहेब. पैलतीर दिसत नव्हता, नुसता काळोख, आणि पश्चिमेस शुक्राची चांदणी. बुरुजावर भटजींनी विजेरीस हळदकुंकू वाहिले, महाराजांनी ती दोन्ही हातांत घेतली, वाजंत्री थांबली, आणि महाराजांनी बटन दाबिले. बुरुजाखालचे लिंबाचे शेंड्यावर एक पांढरा ठिपका पडला, भाकरीएवढा. ठिपका तांबूस जाहला, बारीक जाहला, आणि गेला. सेलांतील सर्व जीव दरबाराचे डोळ्यांत आणि हत्तीचे पायाखाली आधीच खर्च जाहला होता, हे कोणाचेही ध्यानी आले नव्हते.

मग जे चालले ते काय सांगावे! महाराजांनी विजेरी तळहातावर आपटिली. मग सेनापतींनी आपटिली, ते म्हणाले, "महाराज, ही मारायची पद्धत वेगळी असते." मग ज्याने त्याने आपापले पद्धतीने मारिली. सेल काढून उलटे घातले, सुलटे घातले, धोतरास घासिले. एक सरदार म्हणाले, "सेल उन्हात ठेवले की पुन्हा चालतात, आमच्या घरी नेहमी ठेवतो," तेव्हा सर्वांनी पश्चिमेकडे पाहिले, तेथे सूर्य कधीच बुडालेला. मग दिनकरपंतांस युक्ती सुचली आणि टीव्हीचे रिमोटातून दोन सेल आले. तिसरा कमी पडला तो दरबारचे घड्याळातून काढिला. विजेरी पुन्हा लागली, एक हुंदका द्यावा तैसी, आणि विझली, कारण रिमोट तो महाराज दुपारभर दाबीत असत. मशाल आणवावी तर तेलाच्या करंज्या जाहलेल्या. समया होत्या, गवताची गंजी पेटवू म्हणणारे होते, परंतु पिवळा उजेड सोडून द्यावा ऐसा निरोप खुद्द महाराजांनीच धाडिलेला. पैलतीरही काळाच, उत्तर नाही की खूण नाही. महाराज बुरुजाचे दगडास टेकून खाली बसले. "पुन्हा माझ्याच हातून," ऐसे म्हणाले. दरबारात कोणाचेही तोंड वर होईना, आणि बखरकाराचे हातची चकलीही तैसीच राहिली.

इकडे घाटावर ताईसाहेब पुसत होत्या, "आत्याबाई, चांदणी किती राहिली?" आक्कासाहेब म्हणाल्या, "टेकडीवरच्या झाडांना टेकली." ताईसाहेबांनी दोन्ही हातांनी पायरी घट्ट धरिली. "ते लोक येतील ना?" आक्कासाहेब म्हणाल्या, "मंजू, त्या दिवशी मी याच पायरीवर बसले होते. समोरही असाच अंधार. मला वाटलं, ते येतील. त्यांना वाटलं असेल, ही बोलावील. दोघंही शहाण्यासारखी बसून राहिलो." "मग?" "मग काय, जेवले आणि झोपले. ऊठ, नाव सोड." ताईसाहेब म्हणाल्या, "अहो आत्याबाई, पण रिवाज?" आक्कासाहेब कडाडल्या, "रिवाज उजेडाचा आहे. अंधारात नाव सोडू नये असा रिवाज कुणी केल्याचं मला माहीत नाही. तुला वल्हवता येतं की नाही?" ताईसाहेबांस लहानपणापासून येत होते. त्यांनी शालू खोचिला, मुंडावळ्या मागे टाकिल्या आणि नाव लोटिली. आणि आक्कासाहेब रुखवतातील पितळी परात आणि झारा उचलून पुढे बसल्या, आणि कोणी वाटेत आडवे येऊ नये म्हणोन परात ऐसी बडवू लागल्या की किनाऱ्यावरचे बगळे उडाले.

नाव मध्यास आली. काळोखात पुढून पाण्याचा आवाज आला आणि कोणी ओरडले, "कोण आहे रे तिकडे? परात कसली वाजवता?" ताईसाहेब वल्हे थांबवून ओरडल्या, "मी नवरी आहे! तू कोण?" तिकडून आवाज आला, "मी नवरा!" आक्कासाहेबांनी परात खाली ठेविली आणि मोठ्याने हसल्या, ऐसे हसणे त्यांचे तोंडी कोणी कित्येक वर्षे ऐकिले नव्हते. जोत्याजीराव एकटेच लहान नाव घेऊन निघाले होते, कमरेस तलवार आणि हाती ती नजर आलेली विजेरी, तिला ते वल्ह्याचे प्रत्येक हेलकाव्यासरशी मांडीवर आपटीत होते. ताईसाहेबांनी पुसले, "तुमचीही नाही लागत?" युवराज म्हणाले, "म्हशीखालून काढली तेव्हा लागत होती. आमच्याकडे हत्ती नाही ना. कढीतही लागली होती." ताईसाहेब म्हणाल्या, "आमची वरणात लागली होती." युवराज म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही नाही म्हणालात." ताईसाहेब म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही." आक्कासाहेब म्हणाल्या, "आता वाटण्याचं पुरे. चांदणी चालली."

तो नावेवर नाव आदळली, युवराजांचे हातची विजेरी सुटून पाण्यात पडली, आणि पडताच लागली! टीव्हीवर दाखविली होती तैसी, किंबहुना अधिक. पाण्यातून पांढरा झोत वर आला आणि त्यात नावांचे तळ, वल्ह्यांचे थेंब, आणि दोघांची तोंडे लख्ख दिसली. जोत्याजीराव म्हणाले, "हिला आत्ता लागायचं होतं होय!" ताईसाहेब म्हणाल्या, "असू द्या. दिसलात." विजेरी दोघांचे मधून फिरत फिरत खाली गेली आणि नदीने ती ठेवून घेतली. चांदणी अद्याप झाडांचे आड दिसत होती.

परंतु तेवढा उजेड पुरला. अलीकडील बुरुजावर दिनकरपंत ओरडले, "महाराज, पांढरा! पांढरा उजेड!" महाराज उठले तो पैलतीरीही गलका उठला, तेही नदीचे मध्यावर तोच उजेड पाहत होते, आणि दोन्ही तीरांस वाटले की समोरच्याने दाखविला. मग नगारे वाजले, सनया सुरू जाहल्या, पैलतीरीच्या नावा सुटल्या, हत्ती आपणहून ओरडला, आणि वधू स्वतः वल्हवीत वरास घेऊन घाटास लागली, ऐसा सोहळा त्या नदीने पूर्वी पाहिला नव्हता. भटजी मुहूर्त टळला काय म्हणोन घड्याळ पाहू लागले. ते सेल काढिल्यापासून जागीच उभे होते. भटजी म्हणाले, "मुहूर्त आहे. भरपूर आहे." आणि अक्षता पडल्या. मग पंगती बसल्या, तोवर जो तो उजेड आपलाच म्हणू लागला, आणि व्याह्यांचा वाद जुंपला. पैलतीरीचे राजे म्हणाले, "उजेड आमच्या विजेरीचा." महाराज म्हणाले, "आमची बुरुजावरून मध्यापर्यंत पोहोचली, तोच तो!" नवरा नवरी एकमेकांकडे पाहून हसू दाबीत करंज्या खात होती आणि कोणाही पक्षास काही सांगत नव्हती.

मग पंगत उठता उठता महाराज बहिणीपाशी आले. डोळे सुजलेले, हाती ती काळी विजेरी घट्ट धरलेली. म्हणाले, "आक्का, तू तर घाटावरच होतीस. पाहिलीस ना? पोहोचली ना या वेळी?" आक्कासाहेबांचे ओठांवर काही तिखट शब्द आले होते, ते बखरकाराने आपले डोळ्यांनी पाहिले. परंतु त्यांनी भावाचे तोंडाकडे पाहिले, तेथे तो मशाल घेतलेला मुलगा तसाच उभा होता; आणि त्यांनी त्याचे डोक्यावरून हात फिरविला आणि म्हणाल्या, "पोहोचली, हैबत. छान पोहोचली." महाराज बहिणीचे खांद्यावर डोके ठेवून भर मांडवात रडले, आणि ते रडणे आनंदाचे होते, आणि पाहणारांपैकी ज्यास रडू आले नाही ऐसा कोणी, खुद्द दिनकरपंतही, निघाला नाही.

एकंदर हकिकत ही ऐसी. टीव्हीवर दाखवितात ती स्वस्त विजेरी घ्यावी की न घ्यावी, ऐसे कोणी पुसेल तर उत्तर हे की, हत्तीखाली घालावयाची, वरणात शिजवावयाची अगर नदीत बुडवावयाची असल्यास अवश्य घ्यावी, त्या कामी तिजसारखी दुसरी नाही; उजेडासाठी घ्यावयाची असल्यास आधी अंधारात लावून पाहावी आणि तेल करंज्यांस देऊ नये. त्या दोन राज्यांत हल्ली लग्नाचे सांजेस वधूवर उजेडाची वाट पाहत नाहीत. अंधार पडताच दोन्ही तीरांवरून नावा सुटतात. महाराज प्रत्येक लग्नास विजेरी घेऊन बुरुजावर उभे राहतात आणि पांढरा झोत कोठवर गेला ते खाली ओरडून पुसतात. आणि खालून सर्वजण, नावांत बसलेलेही, एका आवाजात सांगतात की दिसला.